घर्षणाचं बारदान वजा केलं अन् गतीचा नियम सापडला. गॅलिलिओच्या आयुष्याची गोष्ट

१५ फेब्रुवारी, जयंती विशेष

सध्या उसाचा हंगाम जोरात आहे. दिवसरात्र दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आपल्या गावांवरून जातात, जोडीला बैलगाड्याही आहेत. बैल थांबले की गाडी थांबते. ट्रॅक्टरचं इंजिन बंद केलं तर सपाट रस्त्यावर तो थोडा पुढे जाऊन उभा राहतो. यावरून कुणालाही वाटेल, की ओढणारा आहे तोवरच वस्तू चालते. ओढणं संपलं की चालणं संपलं.

माझाही समज हाच होता. मी बारावी शिकलेला माणूस. घर्षणाचा धडा पाठ करून मार्क मिळवले, पण अर्थ कळला तो रस्त्यावर. एका हंगामात अवकाळी पाऊस पडला होता. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरला होता. उतारावर मी भरलेल्या ट्रॉलीचा ब्रेक दाबला. चाकं जागेवर थांबली, पण ट्रॅक्टर काही थांबला नाही. तो तसाच घसरत गेला आणि कडेच्या चारीत जाऊन टेकला. कुणाला लागलं नाही, एवढं नशीब. घरी येऊन विचार केला, की चाक थांबलेलं असताना ट्रॅक्टर कशाच्या जोरावर चालत होता? त्याला तर कुणीच ओढत नव्हतं.

या प्रश्नाचं उत्तर ज्या माणसाने चारशे वर्षांपूर्वी शोधलं, त्याची आज जयंती. त्याचं नाव गॅलिलिओ गॅलिली. शाळेत आपण त्याला दुर्बिणीसाठी ओळखतो. पण त्याच्या आयुष्यभराचं काम होतं ते एका साध्या प्रश्नावर, की वस्तू चालते कशी आणि थांबते का.

बहिणींचा हुंडा आणि साठ स्कूदी पगार

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजी इटलीतल्या पिसा गावात झाला. वडील विन्सेन्झो हे संगीतकार, ल्यूट नावाचं तारांचं वाद्य वाजवायचे. घरात पैसा बेताचा. पण वडिलांची एक सवय मुलाने उचलली. तारेचा ताण बदलला की सूर किती बदलतो, हे विन्सेन्झो यांनी जुन्या ग्रंथांवर विश्वास न ठेवता तारेला वजनं टांगून स्वतः तपासलं होतं.

पोरगा डॉक्टर व्हावा अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी १५८१ मध्ये त्याला पिसाच्या विद्यापीठात वैद्यकीला घातलं. पण त्याचं मन गणितात रमलं. चार वर्षांनी, १५८५ मध्ये, तो पदवी न घेताच घरी परतला. आज गावात एखादा पोरगा असा परत आला तर लोक काय बोलतील ते सांगायला नको. तेव्हाही वेगळं नव्हतं.

शिकवण्या करत, स्वतः अभ्यास करत त्याने १५८९ मध्ये त्याच पिसाच्या विद्यापीठात गणिताची नोकरी मिळवली. पगार वर्षाला ६० स्कूदी, म्हणजे तिथल्या मोठ्या वैद्यकी प्राध्यापकांपुढे अगदीच चिल्लर. १५९१ मध्ये वडील वारले आणि थोरला म्हणून सगळं घर त्याच्या अंगावर आलं. बहीण व्हर्जिनियाच्या लग्नात कबूल केलेला हुंडा हप्त्याने द्यायचा होता. हप्ते थकले तेव्हा मेव्हण्याने त्याला अटक करवण्याची धमकी दिली. पुढे १६०१ मध्ये दुसरी बहीण लिव्हिया हिचं लग्न झालं आणि तिच्याही हुंड्याचा बोजा मुख्यतः यानेच ओढला. धाकट्या भावाने आपला वाटा उचलला नाही. हुंड्यापायी पिचलेली घरं आपण आपल्या आसपास पाहतो, तशातलंच हे एक घर होतं.

एका घोड्यावर पाणी उपसणारं यंत्र

१५९२ मध्ये तो व्हेनिसच्या राज्यातल्या पादुआ विद्यापीठात गेला आणि पुढची अठरा वर्षं तिथेच राहिला. पगार बरा झाला, तरी पुरत नव्हता. मग त्याने घरी विद्यार्थी राहायला ठेवले, खासगी शिकवण्या घेतल्या. हिशोबासाठी आणि तोफांचा कोन मोजण्यासाठी एक कंपाससारखं अवजार तयार केलं, घरातच कारागीर ठेवून ते बनवून विकलं.

शेतकऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी एक गोष्ट याच काळातली आहे. १५९४ मध्ये व्हेनिसच्या सरकारने त्याला पाणी उपसण्याच्या एका यंत्राचं पेटंट दिलं. एका घोड्याच्या बळावर जमिनीला पाणी देणारं हे यंत्र होतं. म्हणजे आपल्याकडे मोटेवर बैल राबत होते, तेव्हा तिकडे हा प्राध्यापक कमी जोरात जास्त पाणी कसं निघेल याचा विचार करत होता. यंत्रांचा अभ्यास करताना त्याने एक गोष्ट पक्की मांडली. कप्पी असो की पहार, यंत्र फुकट काही देत नाही. जोर कमी लागला तर तेवढंच अंतर जास्त ओढावं लागतं.

दोन हजार वर्षांची समजूत

त्या काळात सगळीकडे ग्रीसच्या अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणं शिकवलं जायचं. तो गॅलिलिओच्या जवळपास दोन हजार वर्षं आधी होऊन गेला. त्याच्या मते, ढकलणारा असेपर्यंतच जमिनीवरची वस्तू चालते. आणि जड वस्तू हलक्या वस्तूपेक्षा तिच्या वजनाच्या मानाने जास्त वेगाने खाली पडते.

गॅलिलिओने पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून दोन गोळे टाकले आणि सगळ्यांना चूप केलं, ही गोष्ट आपण ऐकलेली असते. ती त्याच्या एका शिष्याने तो गेल्यानंतर लिहिली. गॅलिलिओच्या स्वतःच्या लिखाणात असा मनोऱ्यावरचा प्रयोग कुठेच नाही. त्याचं खरं काम घरात, एका फळीवर झालं.

अडचण अशी होती, की वरून सोडलेला दगड इतक्या लवकर खाली येतो की मोजायला वेळच मिळत नाही. तेव्हा सेकंद दाखवणारी घड्याळं नव्हती. म्हणून त्याने पडणं हळू केलं. सुमारे २२-२३ फूट लांबीची लाकडी फळी घेतली. तिच्यात बोटभर रुंदीची सरळ खाच पाडली, ती घासून गुळगुळीत केली आणि आत चामड्याचा तलम कागद चिकटवला. फळीचं एक टोक थोडं उचललं आणि खाचेतून पितळेसारख्या कांस्य धातूचा गोल, गुळगुळीत गोळा सोडला. उतार कमी, म्हणून गोळा सावकाश घरंगळणार. नियम तोच, फक्त चाल धीमी.

वेळ मोजण्यासाठी त्याने जे केलं ते आपल्या लोकांना फार आवडेल. उंचावर पाण्याचं मोठं भांडं ठेवलं, खाली बारीक नळी. गोळा सुटला की धार सुरू, गोळा पोचला की धार बंद. तेवढ्या वेळात पेल्यात साठलेलं पाणी तराजूत तोललं. दुप्पट पाणी म्हणजे दुप्पट वेळ. त्याने वेळ चक्क काट्यावर मोजला! एकेक प्रयोग त्याने शंभर-शंभर वेळा केला.

त्यातून नियम निघाला. पहिल्या टप्प्यात गोळा एक भाग अंतर गेला, तर तेवढ्याच वेळाच्या दुसऱ्या टप्प्यात तीन भाग जातो, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. म्हणजे वेळ दुप्पट झाला की एकूण अंतर चौपट, वेळ तिप्पट झाला की नऊपट.

हे आपण विहिरीवर करून बघू शकतो. खडा सोडा आणि पाण्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत मोबाईलच्या घड्याळात सेकंद मोजा. एका सेकंदात खडा साधारण १६ फूट जातो, दोन सेकंदांत ६४ फूट, तीन सेकंदांत १४४ फूट. खडा छोटा असो की मोठा, फरक पडत नाही. फक्त काठावरून वाकू नका, एवढं सांभाळा.

बाजार समितीतला हिशोब

आता मुख्य मुद्दा. विरोधक त्याला म्हणायचे, की तुझे नियम कागदावर ठीक आहेत, पण खरा गोळा आणि खरी फळी कुठे एवढी तंतोतंत असते? कुठे खडबडीत, कुठे वाकडी, वर हवेचा अडथळा.

यावर गॅलिलिओने आपल्या पुस्तकात व्यापाऱ्याचा दाखला दिला. साखर, रेशीम, लोकर यांचा हिशोब करताना व्यापारी खोक्यांचं आणि वेष्टणाचं वजन वजा करतो. तसंच निसर्गाचा नियम शोधणाऱ्याने अडथळ्यांचं वजन वजा केलं पाहिजे. आपण बाजार समितीत सोयाबीन घेऊन जातो तेव्हा काय होतं? पोतं काट्यावर चढतं, बारदानाचं वजन वजा होतं आणि उरतं ते मालाचं खरं वजन. बारदान खोटं नसतं, ते असतंच. पण बारदानाला माल समजायचं नसतं.

अ‍ॅरिस्टॉटलच्या माणसांची चूक हीच होती. त्यांनी बारदानासकट वजन केलं. गाडी थांबते हे त्यांनी बघितलं आणि थांबणं हा गाडीचा स्वभाव आहे असं ठरवलं. गॅलिलिओ म्हणाला, आधी घर्षण वजा करा, मग बघा.

त्याने ते असं करून दाखवलं. एका उतारावरून गोळा सोडला आणि समोर चढ ठेवला, तर गोळा जवळपास सुटला होता तेवढ्याच उंचीपर्यंत चढतो. थोडा कमी पडतो तो घर्षणामुळे. समोरचा चढ कमी केला तर तीच उंची गाठण्यासाठी गोळ्याला जास्त लांब जावं लागतं. अजून कमी केला तर अजून लांब. आणि समोर चढच नसला, एकदम सपाट असलं तर? उंची कधी येणारच नाही. मग घर्षण नसेल तर गोळ्याला थांबायला कारणच उरत नाही. तो चालतच राहील.

म्हणजे चालत्या वस्तूला चालू ठेवायला जोर लागत नाही. जोर लागतो तो वेग वाढवायला, कमी करायला किंवा दिशा बदलायला. बैल सपाट रस्त्यावर एका चालीने गाडी ओढतात तेव्हा ते फक्त घर्षणाचं देणं भागवत असतात. म्हणूनच आखाला वंगण दिलं की बैलांना हलकं वाटतं, आणि बेअरिंगची टायरगाडी आली तेव्हा त्याच बैलजोडीने जास्त ऊस ओढला. बैलांची ताकद वाढली नव्हती, बारदान कमी झालं होतं.

एसटीतलं नाणं आणि फिरणारी पृथ्वी

फळीवरचा हा गोळा पुढे गॅलिलिओला थेट धर्मपीठाच्या कोर्टात घेऊन गेला.

१६०९ मध्ये त्याने दुर्बीण बनवून आकाशाकडे वळवली आणि १६१० च्या जानेवारीत गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. त्याचं नाव युरोपभर झालं. त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या राजाने त्याला आपल्याकडे नेमलं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचं मत त्याला पटलं होतं. लोक मात्र विचारायचे, पृथ्वी एवढ्या वेगाने फिरते तर आपल्याला कळत का नाही? वर फेकलेला दगड मागे का पडत नाही? पक्षी मागे का राहत नाहीत?

उत्तर त्या गोळ्यात होतं. दगड हातात असताना पृथ्वीबरोबर चालतच असतो. हातातून सुटला म्हणून त्याची चाल संपत नाही. गॅलिलिओने शांत चालणाऱ्या जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण दिलं. तिथे फुलपाखरं उडतात, पाणी थेंब-थेंब गळतं, सगळं जहाज उभं असल्यासारखंच होतं. आपण एसटीत करून बघू शकतो. एका चालीने जाणाऱ्या एसटीत नाणं वर उडवा, ते परत हातातच पडतं. पण ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण पुढच्या सीटवर आदळतो. एसटी थांबते, आपण चालूच असतो.

१६१६ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्याला बजावलं, की पृथ्वी फिरते हे मत सोड. काही वर्षं तो गप्प राहिला. १६३२ मध्ये त्याने तीन माणसांच्या संवादाच्या रूपात पुस्तक काढलं. तेही पंडितांच्या लॅटिनमध्ये न लिहिता साध्या माणसाला कळेल अशा इटालियनमध्ये. धर्मपीठाने पुस्तकाची विक्री थांबवून त्याला रोमला बोलावलं. २२ जून १६३३ रोजी, वयाच्या ६९ व्या वर्षी, त्याला गुडघ्यावर बसवून आपलं मत चुकीचं असल्याचं वाचायला लावलं. शिक्षा कैदेची, जी पुढे घरातच राहण्याची झाली.

या खटल्याच्या काळात त्याच्या घराची काळजी वाहिली ती मोठ्या मुलीने. तिचं नाव व्हर्जिनिया. गॅलिलिओने मारिना गांबा हिच्याशी लग्न केलं नव्हतं. त्यामुळे दोन्ही मुलींचं लग्न जुळणं अवघड म्हणून त्याने १६१३ मध्ये लहान वयातच त्यांना मठात ठेवलं. बहिणींच्या हुंड्यात पोळलेल्या बापाने घेतलेला हा निर्णय मुलींवर अन्यायच होता, हे स्पष्ट लिहिलं पाहिजे. तरीही मोठ्या मुलीने, जिचं मठातलं नाव मारिया चेलेस्ते, बापावर कायम माया केली. बाप रोमला अडकलेला असताना ती पत्रांतून बागेतली लिंबं, पिंपातली वाइन, घरखर्च सगळं कळवत राहिली. तिची १२४ पत्रं आजही जपलेली आहेत. डिसेंबर १६३३ मध्ये गॅलिलिओ आर्चेत्रीच्या घरी परतला. मुलीचा मठ तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. पण चारच महिन्यांत, २ एप्रिल १६३४ रोजी, ती आजारपणात गेली. वय अवघं ३३.

कैदेतलं सगळ्यात मोठं पुस्तक

मुलगी गेली, घराबाहेर जाण्याची मोकळीक नाही, डोळे अधू होत चाललेले. दुसरा कुणी असता तर खाट धरली असती. या म्हाताऱ्याने पादुआतल्या तीस वर्षांपूर्वीच्या नोंदी काढल्या. फळी, गोळा, पाण्याची धार, सगळं पुन्हा मांडलं आणि पदार्थांची बळकटी व गती या दोन विषयांवर पुस्तक लिहिलं.

त्याचं काहीही छापायला रोमची बंदी होती. म्हणून हस्तलिखित इटलीबाहेर गेलं आणि १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडन शहरात छापलं गेलं. आपल्या नकळत ते छापलं गेलं असं त्याने प्रस्तावनेत भासवलं. पुस्तक हातात आलं तोवर त्याची दृष्टी पूर्ण गेली होती. ज्या पुस्तकावर आजचं गतीशास्त्र उभं आहे, ते त्याला स्वतःला वाचता आलं नाही.

८ जानेवारी १६४२ रोजी त्याने देह ठेवला. राजाला मोठं स्मारक बांधायचं होतं, पण रोमचा विरोध. शेवटी चर्चच्या एका छोट्या खोलीत पुरलं. मानाची समाधी मिळाली १७३७ मध्ये, ९५ वर्षांनी. धर्मपीठाने आपली चूक जाहीरपणे मान्य केली १९९२ मध्ये.

त्याच्या विचारात थोडी कसर राहिली होती. सपाट म्हणजे पृथ्वीच्या गोलाईला धरून, असं तो समजत होता. घर्षण नसलेली वस्तू सरळ रेषेत जाते हे पुढे देकार्तने मांडलं आणि १६८७ मध्ये न्यूटनने त्याला आपल्या पहिल्या नियमाचं रूप दिलं. घर्षण वजनाच्या प्रमाणात वाढतं हा नियम १६९९ मध्ये फ्रान्सच्या आमोंताँने सांगितला. आणि १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तिथे हवा नाही. दोन्ही बरोबरच खाली पडले.

आपल्या रस्त्यावर याचा उपयोग काय?

माझा ट्रॅक्टर का घसरला ते आता सांगतो. चालत्या ट्रॅक्टरला कुणी ओढायची गरज नव्हती, तो चालूच राहणार होता. त्याला थांबवू शकणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे टायर आणि डांबर यांच्यातलं घर्षण. ते चिखलाने खाऊन टाकलं होतं. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतं ते घर्षण. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर मागचं सगळं वजन ट्रॅक्टरच्या चाकांनाच अडवावं लागतं. घर्षण गाडीला अडवतं हे खरं, पण त्याच्याशिवाय बैलाचा खूरही जमिनीला रेटा देऊ शकत नाही आणि चिखलात ट्रॅक्टरचं चाक जागेवरच फिरतं.

मोटरसायकलवाल्या पोरांसाठी गॅलिलिओचा नियम उलटा वाचा. ४० च्या वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर १० मीटरमध्ये थांबत असेल, तर ८० च्या वेगाने तिला २० नव्हे, ४० मीटर लागतात. वेग दुप्पट, अंतर चौपट. ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. यात कुणाची हुशारी चालत नाही.

रस्त्यावर चिखल सांडला असेल तर तो काढून टाका, टायर गुळगुळीत झाले असतील तर बदला, उताराला वेग आधीच कमी करा. चारशे वर्षांपूर्वी एका कर्जबाजारी प्राध्यापकाने पाणी तोलून हे शोधलं आणि आंधळा होता-होता लिहून ठेवलं. ते आपण निदान वाचून वागावं.

जयंतीनिमित्त गॅलिलिओला विनम्र अभिवादन.